नावबर्डीवर नाव विचारत नाहीत

नावबर्डी पाहायची तर चैत्रात पाहावी आणि पायथ्याच्या बोडीवर उभं राहून पाहावी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. पावसाळ्यात सगळाच डोंगर हिरवा असतो, तेव्हा ओळखीचं माणूससुद्धा झाडांत चुकतं. चैत्रात पानं झडली की मात्र कोण कुठं राहतं ते स्वच्छ दिसतं. माथ्यावर, जिथं दगडच जास्त आणि माती नावाला, तिथं सालई आणि अधूनमधून पांढरूख. त्याखाली मुरमाच्या उतारावर धावडा आणि खैर. डोंगराच्या कमरेला तांबडी, खोल, भुसभुशीत माती आहे. तिथं साग, बिजा आणि म्हातारे मोह. पायथ्याच्या चिकण मातीत ऐन, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा. आणि सगळ्यात खाली, बोडीभोवतीच्या काळ्या मातीत पळस. एकाच्या घरात दुसरा सहसा शिरत नाही. कुणी दोरी धरून लावलीत का, असं पाहुणे विचारतात. त्याहून शहाणे असतात ते विचारतात, सगळीकडे सागच का लावत नाही? त्यांना आम्ही आधी पाणी देतो आणि मग जेवायला बसवतो.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांच्या जरा उशिरा लक्षात येते. सकाळपासून ते गावात हिंडत असतात, कुणी चहा देतं, कुणी वाट दाखवतं, पण त्यांचं नाव कुणी विचारत नाही. जेवण होईपर्यंत नाहीच विचारत. काहींना राग येतो. रागावण्यासारखं त्यात काही नाही. या डोंगरावरची झाडं आणि ही रीत, दोन्ही एकाच दिवशी सुरू झाली असं सांगतात. तो दिवस आखाजीचा होता, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा या गावाचा एकाच झाडावर जीव होता, तो म्हणजे मोह. गावाचा मूळपुरुष मोहाखाली जन्मला आणि पहिला घास त्यानं मोहफुलाचाच खाल्ला, असं म्हणत. दुष्काळात धान्य संपलं तरी मोह पोटाला काहीतरी देतोच, त्यामुळे त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. मूल जन्मलं की घरामागं त्याची नाळ पुरायची आणि पहिल्या पावसाला तिथंच मोहाचं रोप लावायचं. रोपानं पुढचा उन्हाळा काढला की आखाजीला बाळाचं नाव ठेवायचं. रोप वाळलं तर दुसऱ्या पावसाला दुसरं लावायचं, तेही गेलं तर तिसरं. तिसरंही गेलं, तर मातीनं या लेकराला आपलं म्हटलं नाही असं धरायचे. बिननावाच्या लेकराला पंगतीत पान नाही, गावातून लग्न नाही, गावच्या मातीत जागा नाही. अशा लेकराला आखाजीच्या दुपारी नदीवर नेऊन पलीकडच्या लोकांच्या हवाली करत.

पलीकडचे लोक वाईट होते असं कुणी सांगत नाही. ते लेकरं सांभाळायचे, वाढवायचे. पण त्यामुळं काही आईच्या कुशीतली जागा भरत नसते.

ह्या सगळ्याचा निवाडा करायचा तो गावच्या भुमकानं. भुमका म्हणजे पुजारी. त्या काळी चैतू नावाचा भुमका होता, सत्तरीला आलेला, हातात नेहमी सालईची एक काठी. चैतू स्वभावानं मऊ माणूस होता. मुंगळा पायाखाली येऊ नये म्हणून वाट सोडून चालायचा, असं म्हणतात. पण लेकराला नदीवर न्यायची वेळ आली की तो स्वतः कधी जात नसे. दुसऱ्या कुणाला पाठवायचा आणि दिवसभर उपाशी बसायचा.

त्याचं कारण गावाला ठाऊक होतं, पण त्याच्यापुढं कुणी काढत नसे. चैतूला एक धाकटी बहीण होती. चैतूचा जन्म आजोळच्या घरी झाला, डोंगराच्या कमरेला, तांबड्या मातीत. त्याचा मोह पहिल्याच वर्षी धरला. पुढं त्याच्या बापानं माथ्यावर झोपडी बांधली, आणि बहीण जन्मली ती तिथं, दगडांत. तिचे तीन मोह तीन उन्हाळ्यांत वाळले. आई खालून डोक्यावर पाण्याचे घडे आणून ओतायची, आणि मुरूम ते पाणी घटकेत पिऊन टाकायचा. चौथ्या आखाजीला बापाचा पाय निघेना, आईनं अंथरूण धरलेलं. म्हणून आठ वर्षांचा चैतू बहिणीला बोटाला धरून नदीवर घेऊन गेला. ती वाट त्याच्या मनातून साठ वर्षांत गेली नाही. आपला मोह लागला आणि तिचा लागला नाही, एवढ्या एका गोष्टीचं कोडं त्याला कधी सुटलं नाही. भुमका झाल्यावर त्याला वाटायचं, मातीला आपल्यापेक्षा जास्त कळतं. असं मानल्याशिवाय त्याला जगताच आलं नसतं.

तर त्याच्या म्हातारपणी बोडीकाठच्या सुंगीच्या घरी मुलगी झाली. सुंगी कष्टाळू, तोंडानं जरा फटकळ, आणि नवऱ्यामागं एकटी राहणारी. नवरा मुलगी पोटात असतानाच तापानं गेला होता. तिच्या घरामागं सगळी काळी माती. पावसात पाय टाकला की गुडघ्यापर्यंत धरून ठेवणारी, उन्हाळ्यात फाटून हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिथं तिनं पहिला मोह लावला. श्रावणात पाणी साचलं, पानं पिवळी पडली आणि रोप मुळातून कुजलं.

दुसऱ्या वर्षी सुंगी डोकं लढवून उठली. डोंगराच्या कमरेला सगळ्यांत मोठा मोह होता, त्याच्या बुडाची तांबडी माती तिनं टोपल्या टोपल्या करून खाली आणली. बावीस टोपल्या आणल्या, असं बायका अजून सांगतात. काळ्या मातीत मोठा खड्डा खणला, त्यात ती तांबडी माती भरली आणि वर रोप लावलं. माहेरची माती बरोबर दिली म्हणजे पोरगी सासरी नांदेल, असा तिचा हिशोब. पण काळ्या मातीतला खड्डा म्हणजे घमेलंच. भोवतालचं पाणी येऊन त्यात बसलं आणि बाहेर जाईना. ते रोप पहिल्यापेक्षाही लवकर गेलं.

तिसऱ्या वर्षी तिनं गुडघाभर उंचवटा केला आणि त्यावर मोह लावला. या वेळी पावसाळा निघाला. दिवाळीला रोपाला सात पानं होती. सुंगी येता-जाता वाकून पाहायची, शेजारणींना बोलावून दाखवायची. चैतूही दोनदा येऊन गेला. निवाड्याच्या आधी भुमकानं रोप पाहायची रीत नव्हती, पण बोडीवर पाय धुवायला म्हणून तो यायचा आणि कुडावरून नजर टाकायचा. मुलगी तोवर धावायला लागली होती. तिला सगळे नुसतं 'बाळी' म्हणायचे. ती चैतूची काठी धरायची आणि सोडायची नाही. म्हाताऱ्याला ते सोसायचं नाही आणि हवंही असायचं.

चैत्रात काळी माती फाटली. उंचवट्याच्या मधोमध भेग गेली आणि तिनं रोपाची मुळं दोऱ्यासारखी तोडली. चार दिवसांत रोपाची काडी झाली. सुंगी त्या भेगेत पाणी ओतत राहिली, ते कुठं जायचं कुणास ठाऊक. बारा दिवसांवर आखाजी होती.

त्या बारा दिवसांत चैतू नीट जेवला नाही, असं सांगतात. गावातल्या चार जाणत्यांना त्यानं विचारलं की एक वर्ष आणखी देता येईल का. ते म्हणाले, तुझ्या बहिणीला दिलं होतं का?

आखाजीला गाव सुंगीच्या घरामागं जमलं. सुंगीनं लेकीला न्हाऊ घातलं होतं, नवं फडकं नेसवलं होतं, वाटेसाठी मोहफुलांची भाकर फडक्यात बांधून दिली होती. रडून झालेलं असावं, कारण तेव्हा ती रडत नव्हती. चैतू कुडाच्या आत आला. निवाड्याआधी रोपाभोवतालची जागा साफ करायची असते. सुंगी सवयीनं खाली बसली, वाळलेल्या मोहाशेजारी एक हिरवा कोंब वर आला होता तो तिनं मुठीत धरला आणि ओढला. तो निघाला नाही. तिनं दोन्ही हातांनी ओढला. तरीही निघाला नाही. बाळीला वाटलं आई खेळतेच आहे, म्हणून तिनंही येऊन तो धरला.

चैतू म्हणाला, "थांब. काय हाय ते?"

"पयस हाय," सुंगी म्हणाली. "तन. दर साली इथंच येते मेलं." आणि बोलता बोलता तिचे हात ढिले पडले. तिनं त्या कोंबाकडं पाहिलं. तीन-तीन पानांचे दोन झुबके होते, ताजे, तुकतुकीत. ना पाण्यानं कुजलेले, ना भेगेनं तुटलेले. मग ती अगदी हळू म्हणाली, "तीन सालं म्याच उपटून राह्यली होती याले."

पळसाला कोण विचारतं? कुठंही जा, पळसाला पानं तीनच. ना त्याचं लाकूड घराला, ना फळ पोटाला. गावानं पळसाकडं कधी झाड म्हणून पाहिलंच नव्हतं. चैतू गुडघ्यांवर बसला. त्यानं काठीनं कोंबाच्या बुडाची माती उकरली. खाली मनगटाएवढं मूळ होतं, तीनदा खुडल्याच्या तीन जुन्या खुणा अंगावर घेऊन ते काळ्या मातीत खोल गेलेलं होतं. म्हणजे मोहाच्या पहिल्या रोपापासून ते तिथंच होतं.

चैतूच्या मनात काय आलं ते कुणी सांगू शकत नाही, पण त्यानं विचारलेला प्रश्न सगळे सांगतात. असला प्रश्न गावात आजवर कुणा पुरुषानं बाईला विचारला नव्हता.

"सुंगे, पोटुशी होती तवा तुले कुठची माती खावीशी वाटे?"

बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. डोहाळ्यांत माती खायची ती चोरून. सासूला कळू द्यायची नाही आणि पुरुषाला तर नाहीच नाही. सुंगीनं खालच्या मानेनं बोडीकडं हात केला. काळीच, म्हणाली, दुसरी घशाखाली उतरत नव्हती. चैतूनं मग दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. एक लाजत म्हणाली, तांबडी, सागाखालची. एक म्हणाली, ऐनाखालची चिकण, भाजून. ज्या बाईचं घर ज्या मातीवर, तिच्या जिभेला ती माती. ज्यांनी तांबडी खाल्ली होती त्यांच्या लेकरांचे मोह उभे होते. ज्यांनी दुसरी कुठली खाल्ली होती त्यांतल्या कुणाचा दुसऱ्या खेपेला धरला होता, कुणाचा मरतुकडा होता, आणि दोघींच्या लेकी नदीपलीकडं होत्या. त्या दोघी आता मोठ्यानं रडायला लागल्या.

दुपार कधीच कलली होती. नदीवर लेकराला घेऊन कुणी गेलंच नव्हतं. तेवढ्यात गर्दीच्या कडेनं एक म्हातारा आवाज आला.

"माह्या मायनं वरचा मुरूम खाल्ला होता. तीच सांगे मले."

सगळे वळले. डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी होती, पाय गुडघ्यापर्यंत ओले. हिला नदीवर जाणारे लोक ओळखत होते. वर्षानुवर्षं बिननावाचं लेकरू घ्यायला हीच यायची, वाळूत उभी राहायची, काही न बोलता लेकराला कडेवर घेऊन जायची. आज वाट पाहून पाहून ती पाणी ओलांडून वर आली होती. तिनं पदराची गाठ सोडली. आत चिमूटभर पांढरा मुरूम होता, माथ्यावरचा. लहानपणी फडक्यात बांधून दिलेला, साठ वर्षं फडक्यामागून फडकं बदलत जपलेला.

चैतू बसल्या जागेवरून म्हणाला, "बाई, म्या तुह्यं बोट सोडलं."

"तू नाई सोडलं, दादा," ती म्हणाली. "तू लय रडत होता. माह्यानं पाहवलं नाई. मंग म्याच सोडवून घेतलं."

असं सांगतात की बाळी तेव्हा त्या दोघांच्या मधे पळसाच्या कोंबाला हातानं माती लोटत बसली होती. मग चैतू भुमका काठीवर जोर देऊन उठला आणि त्यानं निवाडा दिला. तो निवाडा आमच्याकडं पोरासोरांनाही पाठ आहे.

"माती कोनालेच नाई म्हनत नव्हती. आपुनच तिले मोहाबिगर दुसरं काई पुसलं नाई. ही पोरगी या गावची हाय. हिचं झाड पयस."

सुंगीनं तेव्हा लेकीला छातीशी धरलं आणि तीन वर्षं मनात झाकून ठेवलेलं नाव पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. फागी. फागुनात पळस फुलतो म्हणून नव्हे हो, ती पोर फागुनातच जन्मली होती. पण तेव्हापासून पळस फुलला की गावाला फागी आठवते, हेही खरं.

चैतूचं काम अजून उरलं होतं. तो बहिणीला घेऊन माथ्यावर निघाला, आणि सगळं गाव मागं. वाटेत जिथं माती बदलायची तिथं तो थांबायचा, चिमूट उचलून तोंडात टाकायचा आणि तिथं कोण उभं आहे ते पाहायचा. सगळा जन्म या डोंगरावर काढला होता, पण मोह शोधताना बाकीच्या झाडांवरून त्याची नजर घसरायची. माथ्यावर, जिथं त्यांची झोपडी होती, तिथं नुसता दगड होता आणि दगडाच्या फटीत सालई. चैतूनं हातातली काठी आईनं घडे ओतले होते त्या जागी रोवली, आणि बहिणीनं पदरातला मुरूम तिच्या बुडाशी टाकला. तिसऱ्या दिवशी, पावसाचा थेंब नसताना, काठीला कोंब फुटला. आता तुम्ही म्हणाल, सालईची ओली फांदी खोचली की फुटतेच. ते आम्हांलाही ठाऊक आहे. पण ती काठी ओली नव्हती, वीस वर्षं म्हाताऱ्याच्या हातात झिजली होती. पटत नसेल तर सोडून द्या. झाड मात्र पाहून जा.

त्याच आखाजीच्या संध्याकाळी माथ्यावर पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. चैतूनं बहिणीला पुढं बसवलं आणि म्हणाला, आज तुझंही नाव ठेवतो, तुला कुठलं हवं ते सांग. आई तिला कुठल्या नावानं हाक मारणार होती तेही त्याला माहीत होतं, साठ वर्षं एकट्यानं जपून ठेवलं होतं.

म्हातारी हसली. "आता नावाचं काय करू, दादा? त्या नावानं हाक मारनारी माय गेली. मले पंगतीत जागा दे."

त्यानं तिला पहिलं पान वाढलं. तिनं आधी मुरमाचा एक खडा जिभेवर ठेवला, मग घास घेतला. ते नाव चैतूनं पुढंही कुणाला सांगितलं नाही. पुढच्या आखाजीला ती परत आली तेव्हा तिच्यामागं तिनं वाढवलेली सगळी लेकरं होती, काही तर स्वतः लेकुरवाळी, आणि प्रत्येकाच्या आईनं खाल्लेल्या मातीवर एकेक झाड लागलं. कुणाचा धावडा, कुणाचा ऐन, कुणाचा खैर. तेव्हापासून गावानं मोहाला जागा करायला दुसरं झाड तोडणं सोडलं, आणि डोंगर असा थरांथरांनी भरत गेला.

आजही आमच्याकडं पोटुशी बाई माती खाताना दिसली तर कुणी रागावत नाही. सासू फक्त विचारून ठेवते, कुठची? मग घरातली माणसं ती माती घेऊन डोंगर चढतात, तशी माती सापडेपर्यंत चढतात, आणि तिथं जे झाड सुखानं उभं असेल त्याचंच रोप बाळासाठी आणतात. आजही आखाजीला माथ्यावरच्या त्या म्हाताऱ्या सालईखाली पंगत बसते. पहिलं पान वाढतात, त्यापुढं कुणाचं नाव घेत नाहीत, नुसती जागा ठेवतात. नदीपलीकडून, किंवा तुमच्यासारखं आणखी लांबून, कुणी त्या दिवशी आलंच, तर त्याला त्या पानावर बसवतात.

तेव्हा आता हात धुऊन या. नाव मागाहून सांगा.